निवडक गीतांचा संच : पारख कशी करावी?

लखनौ शहरात मानक नगर नावाची वसाहत आहे. 'मानक' म्हणजे ठरवून दिलेले प्रमाण. भारतीय रेल्वेसाठी अशी प्रमाणे निश्चित करणारी संशोधन संस्था याच वसाहतीत आहे. रूळ, चाके, डबे यांविषयी ती लेखी मोजमापे ठरवून देते. एखाद्या गायकाच्या किंवा वाद्यवृंदाच्या 'सर्वोत्कृष्ट' गीतांच्या संचासाठी मात्र असे प्रमाण कोणीच ठरवलेले नाही. वेष्टनावरील 'अविस्मरणीय', 'सदाबहार' ही विशेषणे विक्रेत्याची असतात. पारख ग्राहकालाच करावी लागते.

लखनौतच दीर्घकाळ राहिलेल्या बेगम अख्तर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचा जन्म १९१४ मध्ये फैजाबाद येथे झाला. आरंभीच्या ध्वनिमुद्रिका 'अख्तरीबाई फैजाबादी' या नावाने निघाल्या. १९४५ मध्ये विवाह झाल्यावर त्यांचे गाणे काही वर्षे थांबले. १९४९ मध्ये लखनौच्या नभोवाणी केंद्रावर त्या पुन्हा गाऊ लागल्या आणि १९७४ मध्ये निधन होईपर्यंत गात राहिल्या. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे, म्हणून ठुमरी तेवढ्यात आटोपावी लागे. पुढे दीर्घकालीन तबकडी आली आणि गाण्याला ऐसपैस जागा मिळाली. तरुण वयातील धारदार आवाज आणि प्रौढ वयातील दुखरा, उंच स्वरावर किंचित चिरणारा आवाज (जाणकार त्या चिरेला 'पत्ती' म्हणतात) हे एकाच गायिकेचे असले, तरी त्यांचा अनुभव वेगळा आहे. ज्या संचात गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष दिलेले असते, तो या दोन काळांतील भेद उलगडून दाखवतो. ज्यात नुसती गीतांची यादी असते, तो स्वस्त असला तरी अपुराच.

वर्षाचे महत्त्व परदेशातील एका प्रसिद्ध उदाहरणावरूनही कळते. अमेरिकेतील 'ईगल्स' या वाद्यवृंदाचा निवडक दहा गीतांचा संच १९७६ च्या आरंभी निघाला आणि त्या देशात सर्वाधिक खपलेल्या संचांत गणला गेला. त्यांचे सर्वांत गाजलेले 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे गीत मात्र त्यात नाही, कारण ते त्या वर्षअखेरीस प्रसिद्ध झाले. संचाच्या नावातच '१९७१-१९७५' असे छापलेले आहे. ते वाचणाऱ्याची निराशा होण्याचे कारण नव्हते.

यानंतर पाहायचे ते आवाज कोणाचा आहे. कॅसेटच्या काळात जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेले स्वस्त संच बाजारात फार होते. मूळ चित्रपटाचे नाव ठळक आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत, अशी त्यांची रचना असे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अशा संचावर तो पुनर्गायनाचा असल्याचे छापणे बंधनकारक झाले आणि मूळ गायकाचे नाव वा चित्र वापरण्यास मनाई झाली. तरीही बारीक अक्षरे वाचण्याची सवय सोडू नये.

कधी फसवणूक नसतानाही फरक पडतो. ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले, तेव्हा त्याची ५६ गीते अनेक गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे घरोघरी पोहोचलेल्या ध्वनिमुद्रिकांत सर्व गीते संगीतकार सुधीर फडके यांच्याच आवाजात आहेत. शिवाय हे गीत-कथन आहे. त्यातील दहा 'लोकप्रिय' गीते वेगळी काढली की कथेचा धागा तुटतो. अशा कृतीचा निवडक संच घेण्यापेक्षा पैसे साठवून संपूर्ण संच घेणे अधिक योग्य होय.

शेवटी हिशेब. बारा गीतांचा संच १५० रुपयांना असेल आणि त्यांतील नऊ गीते घरी आधीच असतील, तर ती किंमत उरलेल्या तीन गीतांची, म्हणजे प्रत्येकी ५० रुपये पडते. एकेक गीत स्वतंत्रपणे मिळत असेल तर हा व्यवहार तोट्याचा आहे. परंतु जुन्या तबकड्यांवरील गाणी बहुधा सुटी मिळत नाहीत. तेथे त्या तीन गीतांसाठी नऊंची पुनरुक्ती सोसणारा रसिक अव्यवहारी ठरत नाही. गायकाची मुळीच ओळख नसलेल्या श्रोत्याला तर ती बाराही गीते नवीच असतात.