दोन वेगांची गाठ

हर्णे बंदरात लागलेला ट्रॉलर आणि त्यातलीच मासळी बर्फात भरून आसूदच्या चढानं दापोलीकडे निघालेला ट्रक, या दोघांच्या पोटात पुष्कळदा एकाच घराण्याचं इंजिन असतं. लेलँडची सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं रस्त्यावरही चालतात आणि पाण्यावरही. पण बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या हाताशी जो दांडा असतो त्याला जागा तीनच: पुढे, न्यूट्रल आणि मागे. ट्रकच्या ड्रायव्हरकडे मात्र पाच-सहा गिअर असतात आणि चढावरच्या एखाद्या वळणातच त्यातले दोन-तीन वापरून होतात. इंजिन सारखं असून हा फरक कशासाठी?

उत्तर पाण्यात आहे. बोटीचा पंखा हळू फिरत असेल तर पाणी त्याला फारसं अडवत नाही. पंख्याचे फेरे दुप्पट झाले की तो फिरवायला चौपट जोर लागतो. म्हणजे इंजिन जसं तापत, वेग घेत जातं तसा त्याच्यावरचा भारही मागोमाग वाढतो. उभ्या बोटीला हलवताना इंजिनाची दमछाक होत नाही. रस्त्याचं तसं नाही. चढावर थांबलेला भरलेला ट्रक पहिल्या इंचापासून सगळा जोर मागतो आणि नेमकं तेव्हाच, कमी फेऱ्यांवर, इंजिन दुबळं असतं. फार कमी फेऱ्यांवर तर ते बंदच पडतं. म्हणून चाकं हळू फिरली तरी इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगानं फिरता यावं, यासाठी मधे गिअरबॉक्स बसवावा लागतो. स्पोर्ट्स कारचा गिअर डोळ्याचं पातं लवेपर्यंत कसा पडतो, याचं रहस्यही याच पेटीत आहे.

ही पेटी उघडून पाहिली की पहिला धक्का बसतो तो असा, की पुढे जाण्याचे गिअर बदलताना आजच्या गाडीत एकही दातेरी चाक जागचं हलत नाही. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळ्या जोड्या एकमेकींत कायम अडकलेल्या असतात आणि एकाच वेळी, पण वेगवेगळ्या वेगांनी, फिरत असतात. फक्त त्यातली एकच जोडी चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला जखडलेली असते. बाकीच्या नुसत्याच त्याच्याभोवती गिरक्या घेतात. आपण गिअर टाकतो तेव्हा एक लहानशी दातेरी बांगडी इकडून सुटते, थोडी सरकते आणि दुसऱ्या चाकाला धरते. एवढंच. हाताला मोठं अंतर कापल्यासारखं वाटतं, पण आत हालचाल होते ती बोटभरसुद्धा नाही.

अडचण वेगळीच आहे. ज्या चाकाला धरायचं ते आणि ज्या शाफ्टला जोडायचं तो, दोघांचे वेग त्या क्षणी जुळत नसतात. एक साधं गणित करून पाहू. गाडी ताशी 40 किलोमीटरनं चालली आहे. टायरचा घेर 1.9 मीटर धरला तर चाक मिनिटाला साधारण 350 फेरे घेतं. डिफरन्शियलमध्ये 4 पट आणि तिसऱ्या गिअरमध्ये 1.4 पट धरली, तर इंजिन सुमारे 1950 फेऱ्यांवर असतं. दुसऱ्या गिअरची पट 2 असेल तर त्याच वेगाला इंजिन 2800 फेऱ्यांवर हवं. गाडीचा वेग तोच, रस्ता तोच, पण तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मधल्या अर्ध्या सेकंदात कुणीतरी 850 फेरे भरून काढायला हवेत. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावलं तिच्याबरोबर धावतो ते याचसाठी.

हे फेरे कोण भरतं, हाच गिअरबॉक्सचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या पॅनहार्ड-लव्हासॉर कंपनीच्या गाड्यांत दातेरी चाकंच सरकवून एकमेकांवर घालत असत. वेग जुळला नाही की दात करकरत. 1928 साली कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणला. बांगडी धरण्याआधी पितळेची एक शंकूच्या आकाराची कडी चाकावर दाबली जाते, घर्षणानं दोघांचे वेग सारखे करते आणि ते सारखे होईपर्यंत बांगडीला पुढे जाऊच देत नाही. इतक्या लहान, इतक्या स्वस्त आणि इतक्या हुशार वस्तू यंत्रशास्त्रात फार थोड्या आहेत असं मला वाटतं. तरी ती सगळ्या गिअरांना लगेच मिळाली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. ऑक्टोबर 2023 च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. गाडी पुरती थांबल्याशिवाय तिचा पहिला गिअर टाकायचा नाही, हे तिच्या ड्रायव्हरांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

जुन्या ट्रकना आणि बसगाड्यांना तर कुठल्याच गिअरला ही कडी नसे. तिथे ते 850 फेरे ड्रायव्हरच्या पायानं भरायचे. त्याला डबल क्लच म्हणतात. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, एक नेमकी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. मधे क्लच सोडण्याचं कारण सुंदर आहे: क्लच दाबलेला असेल तर इंजिनाची रेस गिअरबॉक्सच्या आतल्या चाकांपर्यंत पोचतच नाही. वरचा गिअर टाकताना उलट, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून फेरे उतरू द्यायचे. ट्रकचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चाक, जड असतं, त्यामुळे फेरे सावकाश उतरतात आणि तो क्षण लांबतो. घाटात चढताना जुन्या बसचा आवाज दोन गिअरांमध्ये जो एक श्वास घ्यायचा, तो हा. किती रेस, किती थांबा, हे सांगणारी पट्टी कुठे नव्हती. कोकणातल्या घाटांत भरलेली गाडी चालवणारे ड्रायव्हर ते कानानं ओळखत. मला ही फार मोठी विद्या वाटते आणि तिची पुरेशी नोंद झालेली नाही याचं वाईट वाटतं.

स्पोर्ट्स कारचा चालक हेच करतो, फक्त वेळ कमी असतो. त्याचं फ्लायव्हील हलकं, म्हणून फेरे चटकन चढतात आणि चटकन उतरतात. वरचा गिअर टाकताना तो अ‍ॅक्सिलरेटर सोडणं, क्लच दाबणं आणि दांडा ओढणं जवळजवळ एकत्र करतो. खरी कसोटी वळणाआधी लागते. उजवा पाय जोरात ब्रेकवर आहे, डावा क्लचवर, आणि खालचा गिअर टाकायला रेस तर हवी. पाय दोनच, पेडलं तीन! मग उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर तसाच दाबून ठेवून टाचेनं किंवा पावलाच्या कडेनं अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारतात. हे न करता क्लच सोडला तर इंजिनाचे कमी पडलेले फेरे चाकांना ओढून भरावे लागतात. ब्रेक लागल्यानं गाडीचं वजन पुढे गेलेलं असतं, मागची चाकं हलकी झालेली असतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी अशा वेळी गर्रकन फिरू शकते. शर्यतपटू आयर्टन सेनाचं सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवतानाचं एक चित्रण प्रसिद्ध आहे. साधे बूट, पांढरे मोजे, आणि पेडलांवर नाचणारी पावलं. त्याचे हात पाहणाऱ्याला तो घाईत वाटत नाही. सगळी घाई पायात आहे, आणि हात पायांचं काम उरकण्याची वाट पाहतात.

रॅलीच्या आणि शर्यतीच्या कित्येक गाड्यांत सिंक्रोमेश मुद्दाम काढून टाकतात. मोठ्या, मोजक्या दातांचे 'डॉग' बसवतात. वेग थोडे जुळले नाहीत तरी ते धडक मारून अडकतात, आणि क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की क्लचशिवायही गिअर सुटतो. आपल्या मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्येही हेच डॉग असतात. पितळेच्या कडीचा सौम्यपणा त्यांच्यात नाही, आणि शहरातल्या मोटारीत ती खडखड कुणाला सोसणारही नाही.

पुढे हे काम यंत्रानं घेतलं. 1989 च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेलनं फेरारी 640 जिंकवली, तेव्हा त्याचे गिअर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांवर होते. 2009 च्या निस्सान 370झेडमध्ये तर दांडा आणि क्लच दोन्ही ठेवले, पण रेस द्यायचं काम संगणकाकडे गेलं. आज बहुतेक अतिवेगवान गाड्यांतून क्लचचं पेडलच गेलं आहे, आणि दोन क्लचांचा गिअरबॉक्स माणसापेक्षा लवकर गिअर बदलतो यात वाद नाही. वेगाच्या शर्यतीत माणूस हरला. पण दोन फिरत्या वस्तूंची गाठ कानानं आणि पावलानं घालण्याचा आनंद यंत्राला नाही.

तो घ्यायला ट्रॅक किंवा महागडी गाडी लागत नाही. रिकाम्या, सपाट, सरळ रस्त्यावर ताशी 40 ला तिसऱ्यात असताना क्लच दाबा, हलकी रेस द्या, दुसरा टाका आणि क्लच सोडा. नेमकं जुळलं तर गाडीला कळणारही नाही. टाचेचा प्रयोग मात्र रहदारीत करू नका, आणि दापोलीहून हर्णेला उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर कधीही सोडू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो, आणि अख्खी गाडी एकट्या ब्रेकच्या भरवशावर राहते.