खांद्याची सोनोग्राफी

खांद्याची सोनोग्राफी ही श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने खांद्याच्या सांध्याभोवतीच्या मऊ ऊतींचे चित्रण करणारी वैद्यकीय तपासणी आहे. दुखऱ्या खांद्यातील कंडरांचा दाह, झीज किंवा फाट ओळखण्यासाठी तिचा उपयोग होतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, तंतुमय भागास कंडरा म्हणतात.

शरीररचना

खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते. त्यामुळे दंडाच्या हाडाचे गोल टोक जागेवर राखण्याचे काम बऱ्याच अंशी सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू व त्यांच्या कंडरा करतात. यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. सुप्रास्पायनेटसची कंडरा खवाट्याच्या ॲक्रोमियन या टोकाखालील अरुंद जागेतून जाते. रोटेटर कफचे विकार बहुधा याच कंडरेत आढळतात.

पद्धत

या कंडरा त्वचेपासून फार खोल नसल्याने साधारणतः ७ ते १५ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरतात. पँटच्या मागच्या खिशात हात घालावा तसा हात रुग्णाला ठेवण्यास सांगतात. त्यामुळे ॲक्रोमियनखाली झाकलेली कंडरा पुढे येते. हात हलत असताना कंडरा कशी सरकते हे पाहता येते, तसेच दुसऱ्या खांद्याशी तुलनाही करता येते. या तपासणीत क्ष-किरणांचा वापर होत नाही.

चित्रातील खुणा

निरोगी कंडरा उजळ, समांतर तंतूंची दिसते. विकारग्रस्त कंडरा जाड व काळसर होते आणि तिचे तंतू अस्पष्ट होतात. डॉप्लर तंत्राने तेथील वाढलेला रक्तप्रवाह दिसू शकतो. साठलेले कॅल्शियम उजळ दिसते व त्याच्यामागे अनेकदा सावली पडते. कंडरा फाटली असल्यास तंतूंमध्ये खंड आढळतो.

मर्यादा

लहरी कंडरेवर काटकोनात न पडल्यास निरोगी कंडराही काळसर भासते. अशा वेळी तपासणारा प्रोब किंचित कलवून पाहतो. काळसरपणा नाहीसा झाल्यास तो केवळ भास ठरतो. म्हणून तपासणाऱ्याचे कौशल्य महत्त्वाचे असते. लहरी हाडापलीकडे जात नसल्याने सांध्याच्या आतील भागासाठी एमआरआय अधिक उपयुक्त ठरते.

साठीनंतर अनेकांच्या कंडरांमध्ये कोणतीही वेदना नसताना फाट आढळते. उलटपक्षी, मानेतील नस दबल्यानेही खांदा दुखू शकतो. त्यामुळे चित्रात दिसलेला दोष हेच वेदनेचे कारण आहे, असे केवळ अहवालावरून ठरवता येत नाही. दुखण्याचा इतिहास आणि प्रत्यक्ष शारीरिक तपासणी यांच्याशी तो पडताळावा लागतो. अन्यथा अनावश्यक इंजेक्शन वा शस्त्रक्रिया होण्याचा संभव असतो.

संज्ञेविषयी

जुनाट दुखण्यात सूक्ष्मदर्शकाखाली दाहापेक्षा तंतूंची झीजच अधिक आढळते. त्यामुळे ‘कंडरादाह’ याऐवजी ‘टेंडिनोपथी’ ही व्यापक संज्ञा वापरली जाते. भौतिकोपचारात अल्ट्रासाऊंडने दिला जाणारा शेक हा उपचार असून, त्याने निदान होत नाही.