पक्ष्याची शेपटी

कावळ्याची शेपटी म्हणून आपण जे पाहतो, ती केवळ पिसे होत. त्यांच्या मुळाशी हाडाचा एक आखूड तुकडा असतो. प्रारंभी असे नव्हते.

इ. स. १८६१ मध्ये जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडीत आर्किओप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा सांगाडा सापडला. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या पक्ष्याला दात होते आणि सरड्यासारखी, वीसहून अधिक मणक्यांची लांब शेपटी होती; मात्र तिच्या दोन्ही बाजूंस पिसांची रांग होती.

ही पिसे उडण्यासाठीच उपजली काय? नाही. १९९६ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातील सायनोसॉरोप्टेरिक्स जगापुढे आला. त्या न उडणाऱ्या डायनोसॉरच्या अंगावरही पिसांसारखे तंतू होते. पिसे आधी, उड्डाण मागाहून!

त्याच प्रांतातील, सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या कन्फ्यूशिअसॉर्निस पक्ष्यात शेपटीच्या टोकाचे मणके जुळून एकच हाड झालेले दिसते. तरीही तेथे पंख्यासारखा पिसारा नव्हता. काहींना फितीसारखी दोन लांब पिसे तेवढी होती. मिटणारा, उघडणारा, उडताना सुकाणूचे काम करणारा पिसारा इतर पक्षिकुळांत उत्क्रांत झाला.

सारांश, हाड आखूड होणे आणि पिसारा फुलणे या दोन निराळ्या घटना होत. निसर्ग जुन्याच अवयवांना नवे काम देतो, हेच हे पाषाण आपणांस शिकवतात.