घरगुती मत्स्यालयांचे एकत्रीकरण : चिखलदऱ्याच्या हवापाण्याच्या संदर्भात

घरात काचेची एक टाकी आली की तिच्यामागून दुसरी आणि तिसरी येण्यास फारसा काळ लागत नाही. गप्पीला पिले होतात, त्यांना वेगळी जागा हवी असते. भांडखोर मासा एकटा ठेवावा लागतो. आजारी माशाकरिता आणलेली लहान टाकी आजार बरा झाल्यावरही रिकामी होत नाही. काही वर्षांनी पाणी बदलण्याचे काम छंदाची जागा घेते आणि मग साऱ्या टाक्या मिळून एक किंवा दोन कराव्यात असा विचार सुरू होतो. हा विचार बहुधा जागेचा व श्रमाचा म्हणून केला जातो. वस्तुतः तो प्रथम पाण्याचा व त्यातील जीवाणूंचा प्रश्न आहे. आणि चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी तो थंडीचाही प्रश्न आहे.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत वसलेले आहे. पायथ्याशी परतवाडा-अचलपूरचा मुलूख उन्हाळ्यात भाजून निघत असता येथे हवा सुसह्य असते. परंतु हिवाळ्यातील रात्री माशांच्या दृष्टीने कठीण असतात. घरी पाळले जाणारे बहुतेक रंगीत मासे उष्ण कटिबंधातील असून त्यांना साधारणतः २४ ते २८ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी मानवते. घाटातील वीज गेली आणि पाणी तापविण्याचे साधन बंद पडले की लहान टाकी झपाट्याने निवते. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत ५४ लिटर पाणी मावते आणि तिचे सर्व बाजूंचे क्षेत्रफळ ९,००० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर लिटरमागे सुमारे १६७. उलट १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीत २४३ लिटर पाणी मावून तिचे क्षेत्रफळ २५,६५० भरते, म्हणजे दर लिटरमागे सुमारे १०६. उष्णता पृष्ठभागातून बाहेर जात असल्यामुळे मोठी टाकी दीडपटीहून थोडी अधिक सावकाश निवते. तीन लहान टाक्यांचे मिळून पाणी १६२ लिटर, म्हणजे मोठीपेक्षा कमी; तरी त्यांचे एकूण क्षेत्रफळ मात्र मोठीपेक्षा जास्त. एकत्रीकरणाच्या बाजूने याहून सबळ कारण चिखलदऱ्यात दुसरे नाही. मात्र अशा टाकीतील नुसत्या पाण्याचे वजन २४३ किलो होते. काच, वाळू व दगड धरून ते तीनशेच्या पुढे जाते. जुन्या घरातील लाकडी तक्तपोशीवर ती ठेवण्यापूर्वी खालची तुळई पाहून घ्यावी.

पाणी वाचेल ही अपेक्षा मात्र बाळगू नये. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणारे द्रव्य माशांच्या संख्येवर व त्यांना दिलेल्या खाद्यावर अवलंबून असते, टाक्यांच्या संख्येवर नव्हे. ते ठराविक मर्यादेत राखावयाचे तर आठवड्याला तेवढेच पाणी बदलावे लागते. मेळघाटात उन्हाळ्यात पाण्याची ओढ सर्वांनाच ठाऊक आहे. तेथे पाणी वाचवावयाचे असेल तर मासेच कमी केले पाहिजेत.

आता मुख्य मुद्दा. माशाने टाकलेला अमोनिया त्याला स्वतःलाच विषारी असतो. त्याचे प्रथम नायट्राइट आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट होते. ही दोन कामे दोन वेगळ्या गटांतील जीवाणू करतात, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. दोन्ही कामे एकटाच पार पाडणारे जीवाणूही असतात, हे मात्र २०१५ मध्ये उघड झाले. छंदिष्टाने लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, हे जीवाणू मोकळ्या पाण्यात फारच थोडे असतात. त्यांची वस्ती गाळणीतील स्पंजावर, वाळूवर व दगडांवर असते. म्हणून टाक्या एकत्र करताना जुने पाणी जपून नेण्यात विशेष लाभ नाही. जुन्या टाक्यांतील गाळण्या मात्र, क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्याने न धुता आणि सुकू न देता, नव्या टाकीत चालू कराव्यात. तिन्ही टाक्यांचे मासे नेले आणि गाळणी एकाच टाकीची नेली, तर उरलेल्या दोन टाक्यांच्या माशांचा अमोनिया निस्तरण्यास पुरेसे जीवाणू तेथे नसतात. माशांचा पहिल्याच आठवड्यात होणारा मृत्यू बव्हंशी यामुळेच ओढवतो आणि दोष विनाकारण नव्या टाकीच्या काचेला किंवा दुकानदाराला दिला जातो.

जुने पाणी ओतण्यात लाभ नाहीच, प्रसंगी धोका आहे. नायट्रेट बनण्याच्या क्रियेत पाण्यातील क्षारीय द्रव्य खर्ची पडते. पावसाचे साठविलेले पाणी मुळातच मृदू असल्याने त्यात हा साठा थोडा असतो. परिणामी दुर्लक्षित टाकीचा सामू हळूहळू उतरतो. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात राहतो आणि मासे जगतात. त्यावरून पाणी उत्तम आहे असा समज होतो. परंतु २५ अंश तापमानाला सामू ७ असता त्यातील विषारी भाग सुमारे अर्धा टक्का असतो, तो सामू ८ झाल्यास पाच टक्क्यांच्या वर जातो. तेच पाणी क्षारीय पाण्याच्या टाकीत ओतल्यास काय होते, हे वेगळे सांगावयास नको. यास्तव एकत्रीकरणापूर्वी तीन-चार आठवडे प्रत्येक टाकीचे थोडे थोडे पाणी बदलत सर्वांचा सामू व तापमान एकमेकांच्या जवळ आणावे. हा अवधी दुसऱ्या कारणानेही हवा. अंगावर पांढरे ठिपके आणणारा परोपजीवी थंड पाण्यात सावकाश वाढतो. आज निरोगी दिसणारा मासा उबदार टाकीत गेल्यावर आठवडाभरात सर्वांना रोग देऊ शकतो. सर्व मासे एका पाण्यात आणणे म्हणजे सर्व जोखीमही एका पाण्यात आणणे होय. तेव्हा एक लहान टाकी अलगीकरणासाठी राखून ठेवण्यात शहाणपण आहे, मग एकत्रीकरण अपुरे दिसले तरी हरकत नाही.

कोणी कोणासोबत राहावे याविषयी थोडक्यात एवढेच. गोल्डफिशला थंड पाणी मानवते आणि तो घाणही पुष्कळ करतो. त्याची टाकी निराळी व न तापविलेली असावी. चिखलदऱ्यात तर ती सर्वांत कमी खर्चाची. टायगर बार्ब एंजलचे पर कुरतडतो, एंजल मोठा झाला की निऑन टेट्रा गिळतो, आणि दोन नर बेट्टा एकत्र ठेवणे म्हणजे एकाचा अंत ठरलेला. (गप्पी हे नाव मराठी कानाला 'गप्पा' या शब्दाचे सोयरे वाटते, परंतु ते त्रिनिदादमधील गपी नावाच्या निसर्गाभ्यासकावरून आले आहे. 'टाकी'ची कथा याच्या उलट : मराठी 'टाके' व गुजराती 'टांकुं' यांचा इंग्रजी 'टँक' शब्दाच्या घडणीत वाटा असल्याचे कोशकार मानतात, आणि तोच 'फिश टँक' होऊन मराठी घरांत परत आला.)

शेवटी उरतात ते नको असलेले मासे. चिखलदऱ्यात शक्कर तलाव जवळ आहे, गाविलगडावरील एका तलावाचे तर नावच मच्छी तलाव. तेथे मासे सोडून देणे ही दया वाटणे स्वाभाविक आहे. पण गिरिस्थानाभोवती मेळघाटचे जंगल आहे, आणि खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या तेथील नद्या तापीला मिळतात. मोझांबिकचा तिलापिया १९५२ मध्ये भारतात मुद्दाम आणला गेला आणि पुढे असंख्य जलाशयांत स्थानिक माशांना डोईजड झाला. टाकीची काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकरमाउथ कॅटफिशही लोकांनी सोडून दिल्यानेच देशातील अनेक तलावांत पोचला आहे. हा मासा बोटाएवढा असताना घरी येतो व हातभर वाढतो, म्हणून एकत्रीकरणाच्या वेळी सर्वांत आधी नकोसा होतो तोही हाच. जादा मासे दुकानदाराने परत घेतले तर उत्तम; अथवा दुसऱ्या छंदिष्टाला द्यावेत. कोणीच घेत नसेल, तर तो मासा मरेपर्यंत त्याच्यापुरती एक टाकी चालू ठेवावी. मोकळी केलेली वाळू, वनस्पती व गोगलगायीही ओढ्यात टाकू नयेत; त्या उन्हात पूर्ण वाळवाव्यात, आणि जुने पाणी बागेतील झाडांना घालावे.