अणुवीज केंद्रात कामगाराला धोका दिसला, तर त्याने सांगायचं कुणाला?



मासेमारी बंदीच्या महिन्यांत आपल्या घरातली पोरं कंत्राटी कामाला जातात, हे काही नवीन नाही. बहुतेक जण इथल्याच सिल्वासाच्या कारखान्यांत लागतात. कुणी तारापूरला जातो, कुणी तापीकडे काकरापारला. आपण बरोबर दोन अणुवीज केंद्रांच्या मधे राहतो, उत्तरेला काकरापार आणि दक्षिणेला किनाऱ्यावर तारापूर. त्यामुळे एक प्रश्न सारखा येतो: "तिथे काही धोक्याचं दिसलं तर बोलायचं का? आणि बोललं तर काम जाईल का?"

या प्रश्नावर काकरापारचंच एक प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

१९९४ च्या जूनमध्ये काय झालं

काकरापार केंद्राला लागूनच मोतीचेर नावाचं तळं आहे. १५ आणि १६ जून १९९४ ला तिथे जोराचा पाऊस झाला. तळ्याची पातळी चढत गेली, पण पाणी सोडायचे दरवाजे वेळेवर उघडले गेले नाहीत. शेवटी पाणी केबल आणि पाइपांच्या वाटांनी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं.

पहिला संच तेव्हा बंद होता आणि दुसरा अजून सुरूच व्हायचा होता. "बंद होता ना, मग कसली भीती?" असं कुणीही विचारेल. पण चूल विझवली तरी राखेखाली निखारे तापलेले असतात. अणुभट्टीचंही तसंच आहे. ती बंद केल्यावरही आतलं इंधन बरेच दिवस उष्णता देत राहतं आणि ते सतत गार ठेवावं लागतं. त्यासाठी पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. पंप किंवा विजेची सोय पाण्याखाली गेली तर काय होतं, हे १७ वर्षांनी, ११ मार्च २०११ ला, जपानच्या फुकुशिमात सगळ्या जगाने पाहिलं. काकरापारला तेवढी वेळ आली नाही. पण तळघरात पाणी शिरणं ही साधी गोष्ट नव्हती. धरणाचे दरवाजे वेळेवर उघडले नाहीत तर काय होतं, हे मधुबनच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

पत्र आणि त्याची किंमत

मनोज मिश्रा नावाचे एक कर्मचारी त्या केंद्रात ट्रेड्समन होते आणि कामगार संघटनेचे पदाधिकारीही होते. पुरानंतर त्यांनी 'गुजरात समाचार'च्या संपादकांना पत्र लिहून या घटनेबद्दल आणि केंद्राच्या कारभाराबद्दल तक्रार मांडली. परवानगी न घेता आतली माहिती बाहेर दिली आणि व्यवस्थापनावर टीका केली म्हणून त्यांची चौकशी झाली आणि त्यांना नोकरीवरून काढण्यात आलं. ते हायकोर्टात गेले, तिथे हरले. मग सुप्रीम कोर्टात गेले. ९ एप्रिल २०१३ ला, म्हणजे पुरानंतर जवळपास १९ वर्षांनी, तिथेही अपील फेटाळलं गेलं.

कोर्टाने म्हटलं की माहिती बाहेर देणारा प्रत्येक जण 'व्हिसल ब्लोअर' ठरत नाही. त्यामागचा हेतू जनहिताचा असावा लागतो. आणखी एक गोष्ट निकालात नोंदली आहे: हे कर्मचारी फक्त बारावीपर्यंत शिकलेले आहेत, ते इंजिनिअर नाहीत आणि अणुवीज केंद्राच्या कामकाजाचे तज्ज्ञही नाहीत.

निकालाचा पूर्ण मान ठेवून बोलतो. मीही बारावीच शिकलोय आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण त्याहून कमी आहे. पाणी आत शिरलं हे बघायला डिग्री लागत नाही. त्या पाण्याने किती धोका झाला हे ठरवायला मात्र तज्ज्ञ लागतो. ही दोन वेगवेगळी कामं आहेत. कामगाराने जे पाहिलं ते सांगायचं आणि त्याचा अर्थ तज्ज्ञांनी लावायचा. त्यासाठीच सरकारने नियामक नावाची व्यवस्था उभी केली आहे.

नियामक मंडळ म्हणजे कोण?

अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. त्याचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला 'नियामक भवन'मध्ये आहे. केंद्राला परवाना देणं, तपासणी करणं, घटनेची चौकशी करणं, गरज पडल्यास भट्टी बंद ठेवायला लावणं ही त्याची कामं. काही बिघाड झाला की केंद्राला तो मंडळाला कळवावा लागतो आणि समित्या तो तपासतात.

यंत्राचा बिघाड असेल तर ही व्यवस्था चालते. ११ मार्च २०१६ ला काकरापारच्या पहिल्या संचात शीतक नळीतून जड पाण्याची गळती झाली. भट्टी बंद झाली आणि केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. आदल्या वर्षी दुसऱ्या संचातही अशीच गळती झाली होती. तपासात नळ्या बाहेरच्या बाजूने गंजल्याचं आढळलं. मग दोन्ही संचांतल्या नळ्या बदलल्या आणि काही वर्षांनंतरच संच पुन्हा चालू झाले.

पण कामगाराच्या तोंडच्या तक्रारीचं काय? गळती मीटरवर दिसते. सुपरवायझरने कानाआड केलेली तक्रार कुठल्याच मीटरवर दिसत नाही.

दुसरी अडचण मंडळाच्या जागेची होती. केंद्रं चालवणारं न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन अणुऊर्जा खात्याखाली. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे त्याच खात्याचे सचिव. खेळणारा आणि पंच एकाच घरातले म्हटल्यावर लोकांना शंका येणारच. २०१२ मध्ये कॅगने याच मंडळावर एक अख्खा अहवाल काढला. मंडळाला स्वतंत्र कायदेशीर दर्जा नाही आणि किरणोत्सर्गाचे नियम मोडल्याचा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये आहे, यावर त्यात बोट ठेवलं होतं. आपल्याकडे विनापरवाना जाळं टाकणाऱ्यालाही यापेक्षा जास्त धाक असतो. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा मंजूर केला आणि त्यात मंडळाला कायद्याचा दर्जा दिला. आता अंमल कसा होतो ते बघायचं.

दुसरीकडे काय केलं

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात समुद्रकाठी मिलस्टोन नावाचं केंद्र आहे. तिथल्या जॉर्ज गॅलॅटिस या इंजिनिअरने तक्रार केली की वापरलेलं गरम इंधन तलावात हलवताना नियम पाळले जात नाहीत. कंपनीने दाद दिली नाही, तेव्हा तो नियामकाकडे गेला. मार्च १९९६ मध्ये 'टाइम' मासिकाने हे प्रकरण मुखपृष्ठावर छापलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या नियामकाने कंपनीला आदेश दिला: कर्मचाऱ्यांच्या सुरक्षाविषयक तक्रारी कशा हाताळणार याचा आराखडा द्या, आणि त्यावर बाहेरच्या स्वतंत्र पथकाची देखरेख राहील. तिन्ही भट्ट्या बंद राहिल्या. दोन पुढे चालू झाल्या, पहिली मात्र कायमचीच बंद झाली.

तिथे नियामकाने फक्त यंत्र तपासून काम संपवलं नाही. इथले लोक बोलायला घाबरतात का, हेसुद्धा तपासलं. बोलणाऱ्याला त्रास देणं हाच सुरक्षेतला दोष मानला. आपल्याकडेही हेच व्हायला हवं, असं माझं मत आहे.

आपल्या पोरांनी काय लक्षात ठेवायचं

१) बिल्ला. किरणोत्सर्गाच्या भागात काम असेल तर छातीवर मापक बिल्ला लावायला देतात. तो दुसऱ्याला देऊ नका आणि काढून खिशात ठेवू नका. कामगाराची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. आपला आकडा किती झाला ते विचारून वहीत लिहून ठेवा. ठेकेदार बदलला तरी आधीचा हिशेब पुढे धरला जातो का, ते विचारा.

२) लघवीची तपासणी टाळू नका. जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम असतं. ते पोटात गेलं तर बिल्ल्यावर दिसत नाही, लघवीत दिसतं. नोव्हेंबर २००९ मध्ये कर्नाटकातल्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं होतं. ते या तपासणीतूनच उघडकीला आलं.

३) जे पाहिलं तेवढंच लिहा. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, कोण हजर होतं. "सगळं सडलंय", "साहेब चोर आहेत" असली वाक्यं घालू नका. त्यामुळे खरी तक्रारही भांडण वाटायला लागते.

४) आधी आत द्या, पण लेखी द्या. सुपरवायझर, सुरक्षा अधिकारी, सुरक्षा समितीतला कामगार प्रतिनिधी यांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एकट्याने देण्यापेक्षा चार-पाच जणांनी सही करून द्या.

५) धोका अगदी समोर असेल तर थांबू नका. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात कलम ४१-एच आलं. धोकादायक कामातल्या कामगाराने व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायचा हक्क त्याने दिला. २०२० च्या नव्या सुरक्षा संहितेतही असा हक्क ठेवला आहे. आपल्या सिल्वासाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. अणुकेंद्राबद्दलचं पत्र मात्र मुंबईला नियामक मंडळालाच रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

६) पैसे खाल्ल्याची किंवा पदाचा गैरवापर केल्याची तक्रार असेल तर केंद्रीय दक्षता आयोग आहे. २००४ च्या सरकारी ठरावाप्रमाणे बंद पाकिटातली तक्रार घेऊन आयोग नाव गुप्त ठेवतो. व्हिसल ब्लोअर संरक्षण कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो लागू केलेला नाही. म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

७) आतले फोटो, व्हिडिओ, नकाशे व्हॉट्सॲपवर टाकू नका. अणुकेंद्राची माहिती बाहेर देण्यावर कायद्याची बंधनं आहेत. वरचं प्रकरण मोबाइल नसलेल्या काळातलं आहे. तेव्हा एका पत्रावर नोकरी गेली.

शेवटचं. ही पोस्ट केंद्राच्या विरोधात नाही आणि बाजूनेही नाही. वीज सगळ्यांना लागते. पण दोन्ही केंद्रांच्या मधे राहणाऱ्यांना सुरक्षेची माहिती असायलाच हवी, आणि आत काम करणाऱ्याच्या तोंडून सत्य बाहेर यायचा रस्ता मोकळा हवा. तिथे काही बिघडलं तर पहिल्यांदा दिसणार आहे ते झाडू मारणाऱ्याला, वेल्डरला, पंपावरच्या माणसाला. त्यांच्यातला एखादा आपल्याच घरातला असेल.

कुणाला पत्र लिहायला मदत हवी असेल तर सोसायटीच्या कार्यालयात या. मजकूर आपण बसून लिहू. ही माहिती कामाला जाणाऱ्या पोरांपर्यंत पोहोचवा.

आपला,
सचिव