बाळाला जुलाब? पाणी तोडू नका!

पावसाळा लागला की कृष्णाकाठच्या घरांतून हमखास ऐकू येतं, "बाळाला कालपासून उलट्या-जुलाब होताहेत हो!" साताऱ्याजवळच्या माहुलीपासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत नदी गढूळलेली असते. ऑगस्ट २०१९ चा महापूर तर सांगलीकर भगिनी विसरणार नाहीत. घराभोवती पाणीच पाणी, पण प्यायला घोटभर चांगलं नाही!

अशा वेळी घरातलं कुणी मोठं माणूस म्हणतं, "पाणी देऊ नका, पोटाला आराम द्या." सासूबाईंचा मान जरूर राखा, पण एवढं ऐकू नका. जुलाबात मूल दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजलं आणि मृत्यू झपाट्याने घटले.

जीवनरक्षक पावडर (ओआरएस) सरकारी दवाखान्यात मिळते. अख्खं पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. अर्धं-पाऊण नको! ते नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे, मीठ अर्धा चमचा. साखर चवीपुरती नाही बरं का, आतड्यातून मीठ-पाणी अंगात जायला ती लागते. आणि मीठ जास्त झालं तर अपाय होतो. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. चोवीस तासांनी नवं करा.

वाटी तोंडाला लावली की मूल भडाभडा ओकणारच. दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. कंटाळवाणं काम आहे, पण औषध हेच. अंगावरचं दूध चालू ठेवा, थोरल्याला मऊ वरण-भात द्या. डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करा. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी मात्र मुळीच नको.

डोळे किंवा टाळू खोल गेली, रडताना पाणी येईना, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त, पोटाच्या कातडीचा चिमटा सावकाश बसतोय, मूल मलूल पडलंय, पाणी पोटात ठरतच नाही, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल ती गाडी धरा. मूल शुद्धीत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवा.