तीन गडांची धाव : एका नवशिक्याची कैफियत

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरांहून लांब असलेल्या कोणत्याही शर्यतीस 'अल्ट्रा' म्हणण्याचा शिरस्ता आहे. परंतु सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी सुमारे ५० किलोमीटरांची डोंगरवाट प्रथमच धावताना माझ्या ध्यानी आले ते हे, की सह्याद्रीत अंतराचा हिशेब किलोमीटरांत नव्हे, तर चढ-उतारांत मांडावा लागतो. उभ्या चढावर मुरलेले धावपटूही निमूटपणे चालतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. खरी परीक्षा उताराची. तेथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार रोखून धरतात, त्यांचे सूक्ष्म तंतू दुखावतात, आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशी जिना उतरताना व्याजासकट होते.

माझी चूक मात्र पाण्याची. तहानेच्या धास्तीने मी घोटाघोटाला नुसते पाणीच पीत गेलो, दुपारी बोटातली अंगठी रुतू लागली, मळमळ सुटली, आणि वाटेवर ताक विकणाऱ्या मावशी माझा अवतार पाहून म्हणाल्या, "दादा, नुसतं पाणी काय ढोसताय? मीठ चाटा की जरा!" घामावाटे मीठ जात असता तहानेपेक्षा अधिक पाणी प्याल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते, आणि हा प्रकार वाढल्यास प्राणांवरही बेततो, हे शास्त्र मी नंतर वाचले.

पहिल्या खेपेस जाणाऱ्यांस एवढीच विनंती, की उतारांचा सराव दोन महिने आधी सुरू करावा आणि नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालू नयेत.